चित्राभोवतीची पाव इंच जागा

माझ्या सासऱ्यांनी पहिलं चित्र काढलं तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. तोवर त्यांच्या हातात मी भाजीची पिशवी पाहिली होती, पेचकस पाहिला होता, रोजचं वर्तमानपत्र पाहिलं होतं. ब्रश कधी पाहिला नव्हता. ते एका सरकारी गोदामात भांडारपाल होते आणि तिथूनच निवृत्त झाले. माझं माहेर नागपुरातल्या महाल भागातलं, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी करणारं. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी घरची चौकशी केली तेव्हा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एवढंच सांगितलं होतं, की आम्ही मूळचे उमरेडचे, नोकरीसाठी नागपुरात आलो. पुढे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. नवरा मौद्याच्या वीजकेंद्रात पाळीवर जातो, त्यामुळे आमच्या घरी सकाळ नेमकी कधी होते हे त्याच्या ड्युटीवर ठरतं. मुलगी शिकली आणि पुण्याला नोकरीवर गेली. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. बाबा मुळात कमी बोलणारे, ते आणखी गप्प झाले. सकाळी व्हरांडा झाडायचा, कुंड्यांना पाणी घालायचं, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचं, आणि मग कोणी काही विचारेपर्यंत बसून राहायचं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी मी मुलीची खोली आवरत होते. तिनं मागे ठेवलेल्या पसाऱ्यात रंगांची एक पेटी होती, ब्रश होते आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक मोठा कोरा कॅनव्हास होता, तीन फूट लांब आणि दोन फूट उंच. बाबा दारात येऊन उभे राहिले. हे काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चित्र काढायचं कापड आहे, लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं. त्यांनी प्लास्टिक बाजूला केलं, कॅनव्हास उलटा केला आणि मागच्या बाजूला दुमडलेलं कोरं कापड अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळून पाहिलं.

“सूत जाड आहे,” ते म्हणाले. “पण वीण चांगली आहे.” मग म्हणाले, “मी घेऊ का हे?”

मी हो म्हटलं. मला वाटलं, वेळ घालवायला काहीतरी करतील, चार दिवसांनी सोडून देतील.

त्यांनी व्हरांड्यातलं टेबल भिंतीला लावलं आणि कॅनव्हास त्यावर तिरपा उभा केला. पेटीतल्या सगळ्या रंगांमधून त्यांनी पांढरा, पिवळा, निळा आणि गेरूसारखा तांबूस एवढेच उचलले. ब्रशांमधला सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि नखं कापायच्या कात्रीनं त्याचेही काही केस उडवले. सकाळचा चहा झाला की ते बसत आणि ऊन टेबलावर आलं की उठत. उठताना चित्रावर सासूबाईंचं एक जुनं सुती लुगडं टाकून ठेवत. ते झाकतात म्हणजे त्यांना दाखवायचं नसेल, असं समजून मी कधी लुगड्याचं टोक उचललं नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं की बाबा काय काढतात, तर मी म्हटलं, मला माहीत नाही. हिवाळा असाच गेला.

थंडी उतरणीला लागली होती तेव्हा एका दिवशी मी कामावरून दुपारीच परतले. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते आणि लुगडं त्यांच्या मांडीवर घसरलं होतं. चित्र उघडं होतं.

मला आधी ते पाणी वाटलं. मग वाटलं, पावसाच्या आडव्या सरी असाव्यात. पर्स खांद्यावरच ठेवून मी जवळ गेले, तेव्हा दिसलं की ते धागे आहेत. कॅनव्हासच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत गेलेले नुसते धागे, एकाखाली एक, केसाएवढे बारीक. कच्च्या सुताचा मळकट पांढरा रंग, मध्ये कुठे हळदीसारखा, कुठे निळसर. मधोमध ते अगदी थोडेसे झुकले होते, जसं वजनानं काही झुकतं तसे, आणि जिथे झुकले होते तिथे ओले असल्यासारखे चमकत होते. वर पहाटेचा उजेड होता. सूर्य कुठे काढला नव्हता, पण तो कोणत्या बाजूनं येतोय ते कळत होतं. खाली तांबूस जमीन आणि जमिनीवर त्या धाग्यांची सावली, तीही धाग्याधाग्यानं काढलेली.

मी पुस्तकांच्या सहवासात इतकी वर्षं काढली आहेत, चित्रांची मोठमोठी पुस्तकं हाताळली आहेत. पण त्या दुपारी मी व्हरांड्यात उभी होते आणि मला बसायचंसुद्धा सुचलं नाही. आमच्या घरात रोज वरण-भात जेवणारा, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारा हा माणूस, आणि त्याच्या आत हे सगळं एवढी वर्षं होतं. मी एका धाग्यावर नजर ठेवली आणि डावीकडून उजवीकडे जात राहिले. तो कुठे जाड झाला नाही, कुठे थरथरला नाही. उजव्या टोकाला पोहोचल्यावर मी वाकून पाहिलं, तर तो तिथं थांबला नव्हता. कॅनव्हासच्या जाडीवरून वळून तो मागे गेला होता. चारही कडा रंगवलेल्या होत्या. डाव्या-उजव्या कडेवर धागे, वरच्या कडेवर उजेड, खालच्या कडेवर माती.

बाबा जागे झाले तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी लुगडं उचललं, पण झाकलं नाही. मी विचारलं, झालं का पूर्ण? ते म्हणाले, “हो. झालं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि चित्राला रिक्षात घालून बाजारातल्या एका चौकटीच्या दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस होता. त्यानं चित्र दोन्ही हातांनी धरून उजेडात नेलं आणि बराच वेळ न्याहाळलं. मग त्यानं सोनेरी, तपकिरी, काळ्या पट्ट्यांचे नमुने काउंटरवर मांडले. चौकटीचा ओठ चारही बाजूंनी चित्रावर थोडा येईल, वरून काच बसेल, धूळ लागणार नाही, असं त्यानं समजावलं. बाबांनी विचारलं की बाजूच्या कडांचं काय होईल. तो म्हणाला, त्या आत जातील, दिसणार नाहीत.

बाबांनी चित्र उचललं, काखेत धरलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. मी दुकानदाराची क्षमा मागून मागे धावले. रिक्षा बरीच पुढे आल्यावर ते बोलले.

“ताणा मधातून कापता येत नाही, बाई. कापला तं त्याचं लुगडं होत नाही.”

ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, एवढं मला माहीत होतं. पण हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग रिक्षाच्या त्या आवाजात त्यांनी मला सांगितलं, की त्यांचं घर विणकरांचं होतं. उमरेडला त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. विणायच्या आधी सुताला कुंच्यानं कांजी, म्हणजे खळ, पाजायची, त्याला पांजणी म्हणत. त्यासाठी सगळा ताणा गल्लीत बांबूंच्या आधारानं पसरायचा, भल्या पहाटे, ऊन कडक व्हायच्या आत. बाबा वीस वर्षांचे व्हायच्या आधीच माग विकला गेला आणि ते नागपुरात नोकरीला आले. घरी आल्यावर त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

त्या संध्याकाळी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, त्याला फ्लोटिंग फ्रेम लागेल. तरंगती चौकट. तिचा ओठ चित्रावर येत नाही. चित्र आत बसतं, पण बाजूंना टेकत नाही. मध्ये फट राहते, म्हणून कडा दिसतात.” पुण्याला कोणी करून देईल का बघते म्हणाली, पण सुट्टीला यायला तिला वेळ होता. आमचं स्वयंपाकघर करून देणाऱ्या सुताराला विचारलं. त्यानं सरळ सांगितलं की मोठ्या कामांच्या गर्दीत एवढं नाजूक काम माझ्याकडून बिघडेल, तुम्ही थांबा. बाबा म्हणाले, थांबू. पण रोज सकाळी व्हरांड्यात जाताना ते भिंतीकडे तोंड केलेलं चित्र मला दिसे आणि ते मला बघवेना. ग्रंथालयात मी फाटक्या पुस्तकांची बांधणी करते. पुठ्ठा, कापड, गोंद यांची माझ्या हातांना सवय आहे. लाकूड हे पुठ्ठ्यापेक्षा जरा हट्टी असेल, एवढाच फरक, असं मी स्वतःला सांगितलं. तो अंदाज किती चुकीचा होता ते पुढे कळलं.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि कागदावर आकृती काढली. युक्ती साधी आहे. दोन पट्ट्या घ्यायच्या, एक आडवी आणि एक उभी, आणि त्या एकमेकींना काटकोनात चिकटवायच्या. आडव्या पट्टीवर चित्र बसतं आणि उभी पट्टी बाहेरून दिसते. दोन्हींच्या मध्ये पाव इंच जागा मोकळी सोडायची. चित्र मागून स्क्रूनं धरायचं, म्हणजे समोरून काही दिसत नाही.

लाकूड आणायला मी लकडगंजला गेले. तिथल्या आरामशीनवर माझ्याशिवाय दुसरी बाई नव्हती. मशीनवाल्यानं विचारलं, कशासाठी हवंय? मी चित्र सांगितलं, चौकट सांगितली. त्यानं कोपऱ्यातून जुन्या सागवानाचा एक ओंडका ओढून काढला. कुठल्या तरी पाडलेल्या घराच्या दाराची चौकट असावी. वरून धुरानं काळवंडलेला, खिळ्यांच्या भोकांनी भरलेला. मी म्हटलं, हे नको, चांगलं द्या. तो हसला आणि त्यानं मशीन चालू केली. पात्यानं काळी साल बाजूला केली आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, ताजं, जणू झाड आज पाडलं असावं. सगळ्या शेडमध्ये त्याचा तेलकट, कडवट-गोड वास भरला. मी हात पुढे केला तर लाकूड गरम होतं. पट्ट्या दोरीनं बांधून रिक्षात ठेवल्या तरी माझ्या बोटांना तो वास येत होता, आणि घरी येईपर्यंत मी बोटं नाकाशी नेत राहिले.

मग शनिवार-रविवार व्हरांड्यात लाकडाचा भुसा उडू लागला. आडव्या आणि उभ्या पट्ट्या गोंदानं जोडून त्यांच्यावर पाटा आणि तांदळाचे डबे ठेवले. दुसऱ्या दिवशी जोड वाळून दगडासारखे झाले होते, आणि मला फार धीर आला. खरी गोष्ट कोपऱ्यांची होती. चार तुकडे, त्यांची आठ टोकं, आणि प्रत्येक टोक पंचेचाळीस अंशात कापायचं. त्यासाठी इतवारीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून तिरप्या खाचांची एक लाकडी पेटी आणली होती. पट्टी पेटीत ठेवायची आणि करवत खाचेतून चालवायची. मी मन लावून कापलं. चारही तुकडे जमिनीवर मांडले. पहिला कोपरा मिटला, दुसरा मिटला, तिसराही मिटला. आणि चौथ्यात बोट जाईल एवढी फट राहिली.

नवरा ड्युटीवरून आला होता. त्यानं ती फट पाहिली आणि चहा ठेवायला आत गेला. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. चूक कुठल्या एका कोपऱ्यात नव्हती. प्रत्येक कापात नखाएवढी, दिसणारही नाही अशी होती, आणि सगळ्या मिळून चौथ्या कोपऱ्यात येऊन उघड्या पडल्या होत्या. समोरासमोरच्या बाजू लांबीला तंतोतंत सारख्या नसतील तर चौकट कधीच मिटणार नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. लांब तुकड्यांमधून मी आखूड बाजू काढल्या आणि लांब बाजूंसाठी पुन्हा लकडगंजला जाऊन आले. या वेळी जोडीचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटपट्टीनं बांधले आणि दोन्ही एकदमच कापले. हात दुखले, पण घाई केली नाही. टोकं पॉलिश पेपरवर हलक्या हातानं घासली. पुन्हा मांडले. चारही कोपरे मिटले.

गोंद लावल्यावर चौकट वाळेपर्यंत चारही बाजूंनी आवळून धरायला हवी होती, आणि तेवढे शिकंजे माझ्याकडे नव्हते. बाबा व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसून सगळं पाहत होते. ते उठले, सुताची दोरी घेऊन आले आणि तिचे वेढे चौकटीभोवती घेतले. मग प्रत्येक बाजूच्या दोरीत एक पेन्सिल अडकवून पिळली. दोरी ताणली गेली आणि कोपऱ्यांतून गोंदाचे बारीक थेंब बाहेर आले. शेवटची गाठ त्यांनी एका हातानं मारली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, तरी ती गाठ कशी पडली ते मला दिसलं नाही. दुसऱ्यांदा मारून दाखवा म्हटलं, तर त्यांनी मारली, आणि तरीही दिसलं नाही. ते हसले. त्या व्हरांड्यात त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

“मले बी सांगता नाई येत,” ते म्हणाले. “हाताले विचार.”

चौकट वाळल्यावर आतली बाजू काळ्या रंगानं रंगवली, म्हणजे फट खोल वाटते. बाहेरून पॉलिश लावायचं मनात होतं, पण बाबा म्हणाले, जवसाचं तेल लाव. तेलाच्या घाण्यावरून ते आणलं. मऊ फडक्यानं पहिला हात फिरवला आणि मी थांबले. घासून घासून फिकट, पिठूळ दिसणाऱ्या त्या लाकडात रेषा उगवल्या. तांबूस, सोनेरी, मध्ये एक जवळपास काळी, लाटेसारखी कोपऱ्याकडे गेलेली. झाड ज्या ज्या वर्षी पाणी प्यायलं होतं, ज्या वर्षी मिळालं नव्हतं, सगळं त्यात होतं. ते लाकूड किती तरी वर्षं कोणाच्या तरी दारात उभं होतं, त्याच्याखालून माणसं आत-बाहेर गेली, आणि आत हे असं होतं याचा कुणाला पत्ता नव्हता. मी प्रत्येक बाजूला तेल लावताना मुद्दाम हळू हात फिरवला, त्या रेषा येताना बघायला मिळाव्यात म्हणून.

तेल मुरायला बरेच दिवस लागले. मग चित्र बसवायचा दिवस आला. चौकट टेबलावर चादर टाकून ठेवली आणि चित्र आत ठेवलं. चारही बाजूंनी फट सारखी राहावी म्हणून लग्नपत्रिकांच्या जाड घड्या करून मध्ये खोवल्या. आता दोन्ही एकदम उलटी करून मागून स्क्रू लावायचे होते. बाबांनी तळहात चित्रावर सपाट ठेवले आणि मी चौकट धरली. आम्ही दोघांनी ते सगळं पालथं केलं. मी स्क्रू पिळले. पुन्हा सुलटं केलं आणि मी एकेक पत्रिका ओढून काढू लागले.

उजव्या कडेची पत्रिका काढताना माझी नजर एका धाग्यावर गेली. चित्राच्या खालच्या भागात, कडेपासून थोडा आत, एक धागा तुटलेला होता. दोन टोकं, एक थोडं खाली लोंबणारं, आणि मध्ये उजेड. सावलीतही तो तसाच तुटलेला होता. इतक्या वेळा चित्र पाहूनही मला तो दिसला नव्हता. इथे ब्रश घसरला का, असं मी विचारलं.

“नाई,” बाबा म्हणाले. “तुटला आहे तो. पांजणीत धागा तुटे. एक तरी तुटेच.”

“मग कोण जोडायचं?”

“माय. आमची माय अन् बहीण. ताण्याच्या बाजूबाजूनं चालत जायच्या. तुटला दिसला की थांबून जोडायच्या.”

शेवटची पत्रिका निघाली. आम्ही चित्र भिंतीला टेकवून उभं केलं आणि मागे सरलो. मी काय होईल ते आकृतीत शंभरदा पाहिलं होतं, तरी मला अंदाज नव्हता. चित्र कशालाच टेकलेलं नव्हतं. सागवानाच्या आत, काळ्या फटीच्या पलीकडे ते हवेत थांबलं होतं, आणि धागे कडेवरून वळून त्या अंधारात जात होते. पुढेही ते असणारच, फक्त आपल्याला दिसत नाहीत, असं वाटत होतं. आपण बनवलेल्या वस्तूचं आपल्यालाच इतकं नवल वाटावं हे मला थोडं विचित्र वाटलं. पण वाटत होतं खरं. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. ते चित्राकडे कमी आणि त्या पाव इंच जागेकडे जास्त बघत होते. मग म्हणाले, “बरोबर.” एवढंच.

त्यांची थोरली बहीण उमरेडला असते. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो. आता त्यांना कमी ऐकू येतं, गुडघे धरतात. माझ्या नवऱ्याला सुट्टी होती तेव्हा तो जाऊन त्यांना गाडीतून घेऊन आला. कशासाठी ते सांगितलं नव्हतं, नुसतं भावाला भेटायला चला म्हटलं होतं. चित्र तेव्हा हॉलमध्ये लावलेलं होतं. आत्याबाई आत आल्या, मी पाणी आणायला वळले, आणि मागून काठीचा आवाज थांबला.

त्या चित्रासमोर उभ्या होत्या. त्यांनी काठी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि भिंतीला धरून जवळ गेल्या. डाव्या बाजूपासून सुरुवात करून त्या हळूहळू उजवीकडे सरकत गेल्या, डोळे धाग्यांवर, एकेक पाऊल बाजूला टाकत. खालच्या त्या जागेशी येऊन थांबल्या. मग त्यांचा उजवा हात वर आला, अंगठा आणि दोन बोटं जुळली, आणि ती बोटं तुटलेल्या धाग्याच्या समोर, रंगाला न लावता, हवेतच हलली. एक पीळ, एक ओढ. झालं. त्यांनी हात खाली घेतला, तेव्हा आपण काय केलं ते त्यांना कळलं असं मला वाटलं नाही.

“हे तू काढलं, गा?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी मान हलवली.

“सारं ध्यानात ठेवलं तू,” त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि पदरानं डोळे पुसले, पण रडल्या नाहीत.

माझा नवरा काठी हातात धरून तसाच उभा होता. पन्नाशीला आलेला माणूस, वीजकेंद्रातल्या उंच चिमण्यांखाली रोज काम करणारा, पण आपल्या घरात माग होता हे त्यानं लहानपणी ओझरतं ऐकलं असेल तेवढंच. तो चित्राकडे बघत होता आणि आत्याच्या बोटांकडे बघत होता. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, “बाबा, तो ताणा किती लांब असायचा?”

बाबा दार उघडून फाटकापाशी गेले. आम्ही मागोमाग गेलो. संध्याकाळचं ऊन गल्लीत तिरपं पडलं होतं, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, कोणी गाडी धूत होतं. बाबांनी हात लांब केला.

“इथून त्या ट्रान्सफॉर्मरपावेतो.”

माझा नवरा बघतच राहिला. आम्ही त्या गल्लीत इतकी वर्षं राहतो, पण ती एवढी लांब आहे असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. एवढ्या अंतरावर केसासारखे धागे, सगळे सरळ, सगळे सारखे ताणलेले, आणि त्यांच्या कडेकडेनं पहाटे चालणाऱ्या दोन बाया.

“कायचं ट्रान्सफॉर्मर,” आत्याबाई मागून म्हणाल्या. “अजून पुढे राहे. तुले काय माहीत, तू कुंचा घेऊन एका जागी राहे. चालत तं आम्ही होतो.”

त्यांनी काठी मागून घेतली आणि त्या फाटकाबाहेर पडल्या. गुडघे दुखतील, उन्हात नका जाऊ, असं मी म्हणत होते, पण त्या निघाल्याच, तेव्हा मी त्यांचा दंड धरून बरोबर चालू लागले. त्या रस्त्याच्या मधून चालल्या नाहीत, डाव्या कडेनं चालल्या, उजवा हात जरासा पुढे काढून. ट्रान्सफॉर्मर आला. मी थांबले. त्या थांबल्या नाहीत. किराणा दुकान मागे पडलं, इस्त्रीवाल्याची गाडी मागे पडली. इस्त्रीवाल्यानं नमस्कार केला आणि त्यांनी तो घेतलाही नाही. मी एकदा वळून पाहिलं. फाटकात बाप-लेक उभे होते, लहान लहान दिसत होते, आणि दोघेही आमच्याकडेच बघत होते.

“इथे का, आत्याबाई?” मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

“थांब वं,” त्या म्हणाल्या. “अजून आहे.”